सुट्टे नाहीत, स्कॅन करा

बोईसर स्टेशनबाहेर कुठल्याही टपरीवर उभे राहिले की दोन वाक्ये हमखास कानावर पडतात. "सुट्टे द्या" हे जुने, आणि "सुट्टे नाहीत, स्कॅन करा" हे नवे. या नव्या वाक्याच्या जोरावर आता शिकलेली मंडळी विचारू लागली आहेत, रुपया-दोन रुपयांची नाणी हवीतच कशाला? बंद करून टाका, कार्ड आहे, मोबाईल आहे. आमच्या शिक्षकांच्या खोलीतही हा विषय निघतो आणि बहुतेकांचा कौल बंद करण्याकडे जातो. तिथे बसलेल्या प्रत्येकाच्या खिशात स्मार्टफोन असतो आणि पगार थेट बँकेत जमा होतो, हे लक्षात घेतले पाहिजे. आम्हाला वाटते, हा प्रश्न पगारदाराच्या खिशावरून सोडवू नये. घरात कोणाकोणाच्या हातात पैसा असतो, ते आधी पाहावे.

नाणी बंद होणे आपल्याला नवीन नाही. १ एप्रिल १९५७ पर्यंत आपला रुपया सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा होता. त्या दिवसापासून तो शंभर नव्या पैशांचा झाला. ३० जून २०११ ला पंचवीस पैसे आणि त्याखालची सर्व नाणी कायद्यानेच बाद झाली. कोणी हळहळले नाही, कारण तोवर चार आण्यांत काही मिळतच नव्हते. आठ आणे, म्हणजे पन्नास पैसे, मात्र आजही कायदेशीर चलन आहे. हे वर्गात सांगितले की मुले हसतात. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे दहा रुपयांपर्यंतची रक्कम पन्नास पैशांच्या नाण्यांत आणि एक हजारापर्यंतची रक्कम रुपया व त्यावरील नाण्यांत देता येते. पण दुकानदार आठ आणे घेत नाही, म्हणून ते संपले. सरकारच्या आधी बाजारच नाणे बंद करतो. दहा रुपयांच्या नाण्याचीही हीच गत होऊ लागली होती. "हे नकली आहे" म्हणून लोक ते परत करत. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावे लागले की त्याचे चौदाच्या चौदा नमुने खरे आहेत.

बंद करा म्हणणारे खर्चाचा आकडा पुढे करतात. माहितीच्या अधिकारात २०१८ साली बाहेर आलेल्या माहितीप्रमाणे रुपयाचे एक नाणे पाडायला १ रुपया ११ पैसे लागत होते. हा मुद्दा आम्हाला लंगडा वाटतो. रुपया ही काडेपेटीतली काडी नाही की एकदा वापरली आणि संपली. तो वर्षानुवर्षे हजारो हातांतून फिरतो.

त्यांचा दुसरा मुद्दा मात्र वजनदार आहे. मोबाईलवरचा व्यवहार पैशापर्यंत चोख होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पाच रुपयांचा पुडा हिशेबाने ४ रुपये ४५ पैशांना मिळायला हवा. आता रोख पाच रुपये देणाऱ्या पोराला ५५ पैसे कोण आणि कशाने परत करणार? स्कॅन करणाऱ्याला ४ रुपये ४५ पैसे तंतोतंत देता येतात. म्हणजे सवलत सरकारने सगळ्यांना दिली, पण नाणे नसल्यामुळे ती रोखवाल्याच्या हाती पडणेच अवघड. पुढे बऱ्याच कंपन्यांनी किंमत तीच ठेवून पुड्यातले वजन वाढवले, हे बरे झाले. पण यातून कळते ते एवढेच की सुट्टे नसण्याचा भुर्दंड सर्वांना सारखा पडत नाही.

एसटीचे उदाहरण तर प्रत्येक घराने पाहिले आहे. जून २०१८ मध्ये भाडेवाढ झाली तेव्हा सुट्ट्यांची भांडणे टाळण्यासाठी महामंडळाने तिकीट पाचच्या पटीत आणले. हिशेब सातचा आला तर पाच घ्यायचे, आठचा आला तर दहा. कधी प्रवाशाचे दोन रुपये जायचे, कधी महामंडळाचे. २५ जानेवारी २०२५ पासून १४.९५ टक्के वाढ झाली आणि तिकीट पुन्हा एकेका रुपयाच्या हिशेबावर आले. पहिला टप्पा ११ रुपयांचा झाला. वीसची नोट दिली तर वाहकाने नऊ रुपये परत द्यायचे, तेही भरल्या गाडीत, एकामागून एक चाळीस जणांना! वाद होणारच. त्यावर उपाय म्हणून सांगितले गेले, यूपीआयने पैसे द्या. पालघरहून मनोरकडे जाणाऱ्या कॉलेजच्या मुलाला ते जमते. पण डोक्यावर पाटी घेऊन चढलेल्या म्हाताऱ्या बाईने काय करायचे? आमच्या मते २०१८ ची रीत जास्त माणुसकीची होती. ती चालवायला प्रवाशाकडे फोन असावा लागत नव्हता.

ज्या देशांनी लहान नाणी बंद केली, त्यांनी याचा विचार केलेला दिसतो. कॅनडाने ४ फेब्रुवारी २०१३ पासून एक सेंटचे नाणे वाटणे थांबवले. तिथे रोखीचे एकूण बिल जवळच्या पाच सेंटवर आणतात, वर किंवा खाली. कार्डवाल्याचे बिल होते तसेच राहते. आपल्याकडे "खाली" हा शब्द कोणी लक्षात ठेवील असे आम्हाला वाटत नाही. आपल्याकडे अठराचे वीसच होतात.

पालघरच्या बाजारात तर ते भावावर दिसणारही नाही. पूर्वेच्या पाड्यांवरून भाजी, करवंदे, जांभळे घेऊन येणाऱ्या बाया किलोने विकत नाहीत, वाट्याने विकतात. दहाचा वाटा दहाचाच राहतो, फक्त त्यातली चार करवंदे कमी होतात. पुढे ती बाईही किराणा दुकानात जाते तेव्हा तिला सुट्ट्यांऐवजी चॉकलेट मिळते. दिवसाला दोन रुपयांची चॉकलेटे म्हणजे महिन्याचे साठ रुपये. सूरह मुतफ्फिफीनमध्ये स्वतः घेताना पुरेपूर मापून घेणाऱ्या आणि दुसऱ्याला देताना कमी देणाऱ्यांना किती कडक ताकीद आहे, हे आपल्या दुकानदार बांधवांना सांगायला नको. गिऱ्हाईकाचा रुपया हा त्याचा हक आहे. त्याला न विचारता हातात कोंबलेली गोळी ही त्या हकाची भरपाई नव्हे.

आता घरात येऊ, कारण खरा पेच इथेच आहे. आपल्या कितीतरी घरांत बाईचा स्वतःचा म्हणावा असा पैसा म्हणजे तांदळाच्या डब्यात किंवा कपाटातल्या साड्यांच्या घडीत ठेवलेले सुट्टे. भाजीतून वाचलेले दोन, दुधातून वाचलेला एक. त्यातून मुलीची वही येते, शेजारणीच्या अडीअडचणीला हात दिला जातो, दारात आलेल्याला सदका दिला जातो. हे तिने कोणाला विचारून करायचे नसते. तारापूर एमआयडीसीत पाळी करणाऱ्या नवऱ्याचा पगार बँकेत जातो, यूपीआय त्याच्या फोनवर असते आणि फोन त्याच्याबरोबर कारखान्यात. तो दुकानदाराला रात्री एकदम पैसे पाठवतो. सोय झाली खरी, पण डब्यात पडायचे ते दोन रुपये पडायचे थांबले.

याची तोड म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये यूपीआय सर्कल आले. खातेदार आपल्या खात्यातून घरातल्या दुसऱ्या माणसाला खर्च करू देऊ शकतो. एकतर प्रत्येक व्यवहाराला मंजुरी द्यायची, नाहीतर महिन्याला पंधरा हजारांपर्यंतची मोकळीक द्यायची. चांगली सोय आहे, जरूर वापरावी. पण बहिणींनो, त्यात खाते त्याचे आणि मोकळीकही त्यानेच दिलेली. किती मोकळीक, हे तोच ठरवणार. डब्यातल्या रुपयाला कोणाची मंजुरी लागत नाही.

मुलांचेही तसेच. मामूची ईदी हल्ली अब्बांच्या फोनवर येते. पोराला "आली बरं का तुझी ईदी" एवढेच कळते. पहिली-दुसरीच्या पोरांना आम्ही बेरीज शिकवतो ती नाण्यांनी. वीस रुपये देऊन तेराची वस्तू घेतली तर परत किती, हे ज्याच्या तळहातावर सात रुपये पडले आहेत त्याला समजावून सांगावे लागत नाही. अलीकडे चौथीतले मूल या प्रश्नावर अडते तेव्हा आम्ही त्याला विचारतो, तू दुकानात जातोस का? उत्तर येते, जातो, पण पैसे अम्मी पाठवते.

साध्या फोनवरूनही यूपीआय करता येते, मार्च २०२२ पासून तशी सेवा आहे. आमच्या ओळखीच्या एकाही वृद्धाला ती वापरताना आम्ही पाहिलेले नाही. आणि जव्हार-मोखाड्याच्या घाटात रेंज गेली की स्मार्टफोनही साधाच होतो.

म्हणून पैशांची नाणी गेली ती गेलीच, त्यांच्यासाठी गळा काढायला नको. पण रुपया, दोन आणि पाच यांना हात लावू नये. ज्यांना स्कॅन करायचे त्यांनी खुशाल करावे, आम्हीही करतो. टंचाई आहे ती नाण्यांच्या फिरण्याची, आणि त्यावर मोहल्ल्यातच इलाज आहे. जुम्याला मशिदीच्या पेटीत पडणारी नाणी मोजून बँकेत नेण्याचा त्रास कमिटीला होतो, आणि शेजारचा किराणावाला सुट्ट्यांसाठी वणवण करतो. कमिटीने ती त्यालाच मोजून द्यावीत, बदल्यात नोटा घ्याव्यात. घरातल्या गुल्लकी रमजानच्या आधी फोडल्या तर दुकानांना ऐन इफ्तारीच्या गर्दीत सुट्टे मिळतील. नाणी मोजायचे काम मात्र मुलांना द्यावे, एक-एकची वेगळी रास, दोन-दोनची वेगळी.