कुणाच्या हातचे?

परवा सांगलीतल्या आमच्या वर्गात आम्ही घरी भाजलेला सफरचंदाचा पाय नेला. (नाव ऐकताच वर्ग हसला, मराठीच्या तासाला दुसरे काय होणार!) लोण्याऐवजी तेल वापरले, दूध-अंडे वर्ज्य केले. जैन मुलीपासून व्हीगन मुलापर्यंत कुणालाही नाही म्हणावे लागू नये, एवढाच हेतू. 'यात काय काय आहे?' असे सर्वांनी विचारले. कुणी केले, हे अर्थातच कुणी विचारले नाही.

जिन्नस निर्दोष ठेवले की पंगत आपोआप एक होते, ही आमची समजूत भाबडी होती. कर्मवीर भाऊराव पाटलांचे पहिले वसतिगृह याच जिल्ह्यातल्या दुधगावचे. पुढे १९२४ साली साताऱ्यात त्यांनी बोर्डिंग काढले, तिथे सर्व जातींची मुले एकत्र जेवू लागली. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. सोवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या लक्ष्मीबाईंनी त्या मुलांना रांधून घातले आणि धान्य संपले तेव्हा मंगळसूत्र विकले. तिथे ताटात काय आहे यापेक्षा शेजारी कोण बसले आहे आणि वाढते कोण, हा प्रश्न मोठा होता.

आमचा पाय शिक्षकाच्या घरचा, म्हणून सोपा गेला. पुढच्या खेपेस पदार्थ विद्यार्थ्यांच्या घरून यावा, चिठ्ठी टाकून घर ठरवावे, असे आम्ही सुचवले. वर्ग गप्प झाला. दलित आत्मकथने शिकवणाऱ्या आम्हांला त्या शांततेचा अर्थ विचारावा लागला नाही. चिठ्ठ्या मात्र टाकल्या आहेत.