बाटलीवरचे बारीक अक्षर

बाळ रडले की ग्राइपवॉटर, डोके दुखले की गोळी, नाक चोंदले की बाम. आमच्या वस्तीत कोणत्याही घरच्या फळीवर फणी-आरशाशेजारी हा दवाखाना मांडलेला असतोच. डॉक्टरची फी आणि बुडालेला खाडा ज्याला परवडत नाही, त्याने फळीकडे हात केला तर त्याला हसण्याचा अधिकार कोणाला नाही. आमचे म्हणणे एवढेच, की आपण बाटलीवरचे मोठे नाव वाचतो, खालचे बारीक अक्षर वाचत नाही.

ह्या मुंबईत एके काळी बाळगोळी घरोघर होती. गिरणीत जाणारी आई तान्ह्याला ती चाटवायची आणि मूल संध्याकाळपर्यंत गप्प पडून राहायचे. गोळीत अफू असे. १९२०च्या दशकातील सरकारी पाहणीत गिरणी-कामगार स्त्रियांच्या बहुसंख्य बाळांना अफू दिली जात असल्याचे आढळले. दोष त्या माऊलीला देणारे पुष्कळ निघाले. पण बाळंतपणाची पगारी रजा नाही, पाळणाघर नाही, तर तिने करावे तरी काय? २८ जुलै १९२८ रोजी बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात प्रसूती-लाभाच्या विधेयकाच्या बाजूने बोलले आणि १९२९ साली तो कायदा झाला. बाळगोळीवरचा खरा उतारा आमच्या मते हाच.

ग्राइपवॉटर त्या मानाने सौम्य. १८५१ साली इंग्लंडातील नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड ह्या औषधविक्रेत्याने ते काढले. बाळंतशोपेचे तेल, खाण्याचा सोडा, साखर आणि सुमारे साडेतीन टक्के मद्यार्क असे ते मूळचे मिश्रण. बाळ शांत का व्हायचे, हे निराळे सांगायला नको! पुढे मद्यार्क काढून टाकण्यात आला. मात्र पोटदुखीने रडणाऱ्या बाळाला त्याचा निश्चित गुण येतो असा पुरावा नाही. ते रडणे बहुधा तीन-चार महिन्यांत आपोआप थांबते. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा नको, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आजीबाईंना हे पटवणे कठीण, हे आम्हीही जाणतो.

बामची गोष्ट वेगळी. अमृतांजन १८९३ साली मुंबईतच निघाले. काढणारे काशिनाथुनी नागेश्वरराव तेलुगू मुलखातले. पुढे त्यांनी 'आंध्र पत्रिका' हे वृत्तपत्रही चालवले. बामातील मेन्थॉलने नाक खरोखर उघडत नाही, थंडाव्याच्या जाणिवेमुळे ते उघडल्यासारखे वाटते. वाटेना का! तेवढ्याने झोप लागत असेल तर बाटलीचे पैसे वसूल. परंतु त्यातील कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात. काही बामांत विंटरग्रीनचे तेल असते. नुसते ते तेल चहाचा एक चमचाभर घेतले तर वीसहून अधिक अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्यांइतके होते. म्हणून बाटली वरच्या फळीवर ठेवावी, आणि दोन वर्षांखालील बाळाला बाम लावूच नये.

डोकेदुखीच्या गोळीबाबत आम्ही जरा कडक आहोत. कचेरीत तर चहाबरोबर गोळी घेणारे लोक आहेत. पूर्वीच्या एपीसी गोळीत अ‍ॅस्पिरिन व कॅफिनबरोबर फेनासेटिन असे. वर्षानुवर्षे घेणाऱ्यांची मूत्रपिंडे त्याने निकामी होतात असे दिसून आले, आणि १९८३ साली भारतात त्यावर बंदी आली. तोवर कितीजणांनी ते विश्वासाने गिळले असेल! आजही सोळा वर्षांखालील मुलाला तापात अ‍ॅस्पिरिन डॉक्टरच्या सांगण्यावाचून देऊ नये. यकृत आणि मेंदूवर घाला घालणारा एक दुर्मीळ आजार त्यातून उद्भवू शकतो.

आता राहिले जाहिरातवाले. मधुमेह, फिट्स, कोड, पक्षाघात बरे करण्याची हमी देणारी पत्रके रेल्वेच्या डब्यात चिकटवलेली आपण पाहतो. औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध १९५४ सालचा केंद्राचा कायदा आहे. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी करावी. अर्ज लिहून हवा असेल तर रविवारी सकाळी आम्ही समाजमंदिरात असतो. येताना ते पत्रक आणि औषधाचे वेष्टण तेवढे न विसरता आणावे.