ज्याचे काम, त्याची किल्ली

व्यापारी पेढीची शिस्त पूर्वी किल्ल्यांवरून ओळखू येत असे. गोदामाची किल्ली हमालांच्या मुकादमाकडे, गल्ल्याची मुनिमाकडे आणि तिजोरीची घरातील कर्त्या माणसाकडे. यात कोणाचा अवमान नव्हता. मुकादम तिजोरीची किल्ली मागत नसे आणि तिजोरीतील रक्कम जुळली नाही, तर कोणी त्याच्याकडे संशयाने पाहतही नसे.

आता वही संगणकात गेली आहे. टॅलीसारखी प्रणाली एकाच वेळी तीन-चार संगणकांवर चालते. एकावर बिले निघतात, दुसऱ्यावर खरेदीच्या नोंदी होतात, तिसऱ्यावर जीएसटीचे विवरणपत्र तयार होते. जमाखर्च मात्र सर्वांचा एकच. दुर्दैवाने अनेक पेढ्यांत किल्लीही एकच असते: मालकाच्या नावाचा, सर्वांना तोंडपाठ असलेला पासवर्ड.

अशा पेढीत मागील तारखेचे एखादे बिल बदललेले आढळले, तर ते कोणी बदलले हे प्रणाली सांगू शकत नाही. तिच्या लेखी ते मालकानेच बदललेले असते. मग कुजबुज सुरू होते आणि बोट बहुधा जुन्या मुनिमाकडेच वळते, कारण हिशेब त्याच्या हाताखाली असतो. वीस वर्षांची सचोटी सिद्ध करण्यासाठी त्या बिचाऱ्यापाशी कागदाचा एक कपटाही नसतो. भाऊबंदांच्या भागीदारीत तर अशा संशयाने चुली वेगळ्या व्हायला वेळ लागत नाही. प्रवेशाला मर्यादा घालणे म्हणजे माणसावर अविश्वास दाखवणे, असा समज रूढ आहे. वस्तुतः ती मर्यादा प्रामाणिक माणसाचे कवच असते.

हे कवच घडवणे अवघड नाही. टॅलीत प्रत्येकासाठी स्वतंत्र नाव आणि पासवर्ड ठेवता येतो आणि त्याच्या कामानुसार अधिकार ठरवता येतात. बिले करणाऱ्याला बिले करता यावीत, पण नफा-तोट्याचे पत्रक दिसण्याचे त्याला कारण नाही. किती दिवस मागच्या तारखेची नोंद करता येईल, याचीही मर्यादा घालता येते. १ एप्रिल २०२३ पासून कंपनी कायद्याखालील नियमांनी कंपन्यांवर असे बंधन घातले आहे की, हिशेबाच्या सॉफ्टवेअरने प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद ठेवावी आणि ती नोंद कोणाला बंद करता येऊ नये. मालकी वा भागीदारीच्या पेढीला हे बंधन नसले, तरी ती सोय त्यांनीही वापरावी. मात्र सर्वजण एकाच नावाने काम करत असतील, तर त्या नोंदीतही एकच नाव उमटते.

टॅलीचा पासवर्ड टॅलीच्या आतले दार राखतो. डेटाचे फोल्डर नेटवर्कवर सर्वांना खुले असेल, तर नेटवर्कवरील कोणताही संगणक त्यातील फाइली पुसू शकतो. म्हणून ते फोल्डर हिशेब लिहिणाऱ्या नेमक्या माणसांपुरतेच खुले असावे. टॅलीव्हॉल्टने डेटा कुलूपबंद करता येतो, पण त्याचा पासवर्ड विसरल्यास तो परत मिळवण्याची सोय नाही. त्यामुळे तो मोहोरबंद पाकिटात घालून तिजोरीत ठेवलेला बरा.

एका किल्लीने सर्व दारे उघडत असली म्हणजे काय घडते, हे २७ जून २०१७ रोजी जगाने पाहिले. युक्रेनमधील एम.ई.डॉक या हिशेब व करभरणीच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या हा घातक प्रोग्राम पसरला. एका संगणकात शिरला की त्याच्या मेमरीत राहिलेले पासवर्ड तो उचलत असे आणि त्यांच्या बळावर शेजारच्या संगणकात शिरत असे. मर्स्क या जहाज कंपनीला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले. या समूहाचे न्हावाशेवा बंदरातील टर्मिनलही त्या दिवसांत विस्कळीत झाले. कंपनीच्या नेटवर्कात कोणाला कोठे प्रवेश आहे, याची नोंद ठेवणारे जगभरातील सर्व्हर एकामागून एक पुसले गेले. वाचला तो घानामधील एक, कारण तेथे नेमकी वीज गेली होती आणि तो नेटवर्कपासून तुटला होता. त्याच्या आधाराने पुढची उभारणी झाली.

जे मर्स्कला योगायोगाने लाभले, ते छोट्या पेढीला ठरवून करता येते. हिशेबाची प्रत रोज बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि काम झाले की ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. जोडून ठेवलेली प्रत मूळ हिशेबाबरोबरच बुडते. व्यवस्थापकाचा पासवर्ड रोजच्या कामाला वापरू नये. हा नियम मालकालाही लागू आहे. नोकरी सोडणाऱ्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद व्हावा, त्याच्याविषयी कितीही आदर असला तरी. दुकानाच्या संगणकाला घरून जोडण्यासाठी एखाद्याने पूर्वी करून दिलेली वाट अजून उघडी आहे का, हेही जाणकाराकडून पाहून घ्यावे.

दिवाळीत वहीपूजन होते आणि १ एप्रिलला हिशेबाचे नवे वर्ष उघडते. या दोन्ही दिवशी घरच्या मंडळींनी मुनिमासह बसून एका कागदावर मांडावे: कोणाकडे कोणती किल्ली आहे आणि ती कशासाठी आहे. ज्या किल्लीपुढे काम लिहिता येणार नाही, ती परत घ्यावी. त्या कागदावर मुनिमाचीही सही असावी, कारण तो जितका पेढीच्या हिताचा आहे तितकाच त्याच्याही.