चिठ्ठी हातांत, औषध दुकानांत नाहीं

गेल्या महिन्यांत बोईसरहून एका भगिनीचें चार पानी पत्र आलें. त्यांचे यजमान तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत नोकरीस आहेत. मुलगी नऊ वर्षांची. तिच्या शरीरांत वाढीच्या हॉर्मोनची उणीव असल्याचें दोन वर्षांपूर्वीं मुंबईस निश्चित झालें, आणि तेव्हांपासून रोज रात्रीं निजण्यापूर्वीं आई तिला इंजेक्शन देते. (मुलगी कोणास ओळखूं येऊं नये म्हणून कांहीं तपशील मीं बदलले आहेत.) पत्राचा मुख्य मजकूर असा कीं, ह्या खेपेस नेहमींच्या दुकानांत तें पेन आलेंच नाहीं. पालघरास विचारलें, विरारास विचारलें. "माल वरूनच येत नाहीं" एवढेंच उत्तर. घरचें पेन चार दिवसांत संपणार. शेजारणीनें उंची वाढविण्याच्या चूर्णाचा डबा आणून दिला आहे. सासूबाई म्हणतात, मुलीच्या जातीला उंची हवी कशाला. आणि दुकानदार म्हणतो, दुसऱ्या कंपनीचें पेन आहे, औषध तेंच, घेऊन जा. "ह्या तिघांपैकीं कोणाचें ऐकूं?" असा ताईंचा प्रश्न आहे.

त्यांस उत्तर त्याच दिवशीं कळविलें. परंतु अशी वेळ इतर घरांवरही येऊं शकते, म्हणून तें येथें सविस्तर देत आहें. तिघांत दुकानदार सत्याच्या सर्वांत जवळ आहे, आणि तरीही त्याचें परस्पर ऐकावयाचें नाहीं.

मेंदूच्या तळाशीं वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथि असते. तिच्यांतून हें हॉर्मोन स्रवतें. १९५८ सालीं अमेरिकेंत प्रथम तें मानवी ग्रंथींतून काढून रोग्यास दिल्याचें प्रसिद्ध झालें, आणि पुढें सत्तावीस वर्षें जगांतील मुलांना तें मृत देहांतील ग्रंथींपासूनच मिळत असे. एका बालकाच्या वर्षभराच्या औषधास अनेक प्रेतांच्या ग्रंथी लागत. खरा दुष्काळ तो! पुढें त्याच औषधाबरोबर मेंदू नासविणारा एक असाध्य रोग कांहीं तरुणांच्या शरीरांत गेल्याचें आढळलें आणि १९८५ सालीं अमेरिकेंत तें बंद झालें. त्याच वर्षीं जंतूंकडून तयार करविलेलें हॉर्मोन तेथें मंजूर झालें. आज निरनिराळ्या कंपन्या जें रोजचें हॉर्मोन विकतात त्याचें शास्त्रीय नांव सोमाट्रोपिन. १९१ अमिनो आम्लांची तीच सांखळी, मग पेटीवर नांव कोणतेंही असो. एका कंपनीचें न मिळाल्यास दुसरीचें चालतें, आणि मूल पूर्वींसारखेंच वाढतें. म्हणून दुकानदार सत्याच्या जवळ आहे असें म्हटलें.

अडचण औषधांत नसून पेनांत आहे. एका पेनांतील द्राव दाट, दुसऱ्यांतील पातळ. एकावर मात्रा मिलिग्रॅममध्यें, तर दुसऱ्या प्रकारावर आंतरराष्ट्रीय युनिटमध्यें. एक मिलिग्रॅम म्हणजे तीन युनिट. समजा, मूल वीस किलो वजनाचें आहे आणि किलोस ०·०३ मिलिग्रॅम ह्या हिशेबानें त्यास रोज ०·६ मिलिग्रॅम, म्हणजे १·८ युनिट, सांगितलें आहे. आई "अठराचा आंकडा" लक्षांत ठेवते, आणि नवें पेन मिलिग्रॅमचें निघतें. मात्रा तिप्पट झाली! उलट झालें तर तिसरा हिस्साच पोटांत जातो, आणि चारसहा महिने कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. शिवाय एका कंपनीची नळी दुसरीच्या पेनांत बसवूं नये. बसल्यासारखी वाटली तरी मोजमापाचा भरंवसा नाहीं. १९४५ च्या औषध नियमांत चिठ्ठीवरच द्यावयाच्या औषधांविषयीं स्पष्ट बंधन आहे, कीं लिहिलेल्या औषधाऐवजीं दुसरें, मग त्यांत द्रव्य तेंच असो वा नसो, दुकानदारानें देऊं नये. पुष्कळांस हा नियम जाचक वाटतो. ह्या हॉर्मोनपुरता तरी तो मला अत्यंत शहाणपणाचा वाटतो. ताईंनीं करावयाचें तें इतकेंच कीं, दुकानांत जें पेन आहे त्याच्या पेटीचें छायाचित्र मोबाइलवरून डॉक्टरांस धाडावें, त्यांजकडून नवी चिठ्ठी घ्यावी, आणि तिच्यावर मिलिग्रॅम व युनिट ही दोन्ही मापें लिहवून घ्यावीं. पेन फिरवून कोणता आंकडा आणावयाचा, तेंही विचारून ठेवावें.

आतां आठवड्यास एकदांच घ्यावयाचीं नवीं हॉर्मोनें निघालीं आहेत. लोनापेगसोमाट्रोपिन अमेरिकेंत २०२१ सालीं मंजूर झालें. सोमापॅसिटान व सोमाट्रोगॉन हीं २०२३ पासून तेथें मुलांनाही देतां येतात. वर्षांतील ३६५ सुयांच्या जागीं ५२ सुया, हा लाभ लहान नव्हे. परंतु रोजच्या मात्रेस सातानें गुणून आठवड्याची मात्रा निघत नाहीं. त्याच वीस किलोच्या मुलास पहिलें आठवड्यास ४·८ मिलिग्रॅम, दुसरें ३·२, तर तिसरें १३·२ मिलिग्रॅम सांगतात. कारण सांखळीस दुसरें कांहींतरी जोडून तीं जड केलेलीं असतात, आणि वजनांत तें जोडकामही कधीं मोजलें जातें, कधीं नाहीं. असा पालट तज्ज्ञानेंच करावा. नंतरची रक्ततपासणी आठवड्याच्या कोणत्या वारीं करावयाची, हेंही तोच सांगूं शकतो.

शेजारणीच्या डब्याविषयीं फार लिहीत नाहीं. अशा चूर्णांत बहुधा प्रथिनें, साखर आणि जीवनसत्त्वें असतात. उपाशी मुलास त्यांचा उपयोग होईल, हॉर्मोन नसलेल्यास नाहीं. हॉर्मोन स्वतः प्रथिन असल्यामुळें तोंडावाटे घेतल्यास जठरांत पचून जातें. म्हणून "हॉर्मोनची गोळी" किंवा जिभेखालीं मारावयाचा फवारा कोणी विकूं लागला तर तो फसवीत आहे असें खुशाल समजावें. क्लोनिडिन नांवाची गोळी मात्र कित्येक पालकांस ठाऊक असते, कारण इस्पितळांत चांचणीच्या दिवशीं मुलास ती दिलेली असते. ती ग्रंथीस डिवचून पाहण्यासाठीं असते, उपचारासाठीं नव्हे. घरीं दिल्यास रक्तदाब उतरून मूल घेरी येऊन पडेल. आणि तालीमबाजांच्या व्यायामशाळांतून ज्या कुप्या हातोहात विकल्या जातात, त्यांकडे तर पाहूंही नये. आंत काय आहे हें विकणाऱ्यासही माहीत नसतें.

राहिल्या सासूबाई. त्यांचा प्रश्न वडीलधाऱ्या मायेचा आहे, आणि त्यास उत्तर दिलें पाहिजे. हें औषध कोणास उंच व सुंदर करण्यासाठीं नाहीं. ज्या मुलाची वाढ वर्षास चार सेंटिमीटरवर अडली होती तें उपचाराच्या पहिल्या वर्षीं आठदहा सेंटिमीटर वाढतें, म्हणजे आपल्या वर्गांतील मुलांच्या पंगतीस येऊं लागतें. हाडांच्या टोकांशीं असलेल्या कूर्चेच्या चकत्या वयांत आल्यावर बुजतात. त्यानंतर कितीही इंजेक्शनें दिलीं तरी उंची वाढत नाहीं. नऊ वर्षांच्या मुलीजवळ हीं वर्षें मोजकींच आहेत. तथापि "मोजकीं वर्षें" ह्याचा अर्थ "मोजके दिवस" असा नव्हे. ताईंनीं चार दिवसांच्या विचारानें झोप घालविली आहे, ती व्यर्थ. वाढ महिन्यांनीं मोजतात. आठदहा दिवसांचा खंड पडल्यानें कायमचें कांहीं बिघडत नाहीं. नेहमींच आठवड्यास दोनतीन सुया चुकत गेल्या तर मात्र वेग मंदावतो. खंडानंतर राहिलेल्या मात्रा एकदम देऊन भरपाई करूं नये. उरलेलें औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानें कमी मात्रेनें पुरवितांही येतें.

ह्याला एक अपवाद आहे. ज्या तान्ह्या मुलांची पिट्यूटरी जन्मतःच अधू असते, त्यांच्या रक्तांतील साखर ह्या हॉर्मोनवांचून एकाएकीं उतरते आणि झटके येतात. अशा घरीं एक दिवसाचाही खंड चालणार नाहीं. पेन संपण्यापूर्वींच इस्पितळ गांठलें पाहिजे. आणि ज्या मुलांना हायड्रोकॉर्टिझोन किंवा थायरॉइडच्या गोळ्याही चालू आहेत, त्यांच्या आईनें "एक औषध बंद, तर सारींच बंद" असें करूं नये. हायड्रोकॉर्टिझोन एकाएकीं थांबविणें जिवावर बेततें.

हा तुटवडा येतो कोठून? २०२२ च्या अखेरीपासून अमेरिकेंत व युरोपांत एका प्रसिद्ध पेनचा मोठा तुटवडा पडला. मागणी वाढली आणि कारखाना पुरा पडेना. जगांत हें हॉर्मोन बनविणारे मोजकेच, म्हणून एका ठिकाणीं चाक अडलें कीं दूरच्या गांवचें दुकान रिकामें पडतें. तारापूरच्या वसाहतींत औषधांचीं मूलद्रव्यें टनांनीं तयार होतात, तीं देशोदेशीं जातात. आणि तेथून हांकेच्या अंतरावरील आईस एक पेन मिळूं नये, ह्याचा ताईंना संताप आला आहे. तो स्वाभाविक आहे. पण तेथील बहुतेक काम रसायनांचें आहे. हें हॉर्मोन जिवंत पेशींकडून करवून घ्यावें लागतें, आणि तो कारखाना निराळा.

मुंबईहून पेन आणावयाचें झाल्यास बोईसरपर्यंतचा शंभर किलोमीटरांच्या आसपासचा प्रवास लक्षांत घ्यावा. औषध २ ते ८ अंशांत राहिलें पाहिजे, आणि गोठतां कामा नये. सातपाटीचा पापलेट बर्फांत पुरून मुंबईस जातो तसें हें आणावयाचें नाहीं! पेन कापडांत गुंडाळून थर्मासच्या पेटींत ठेवावें, बर्फाची पिशवी त्यास लागूं देऊं नये, आणि घरीं आल्यावर फ्रीजच्या दारांत किंवा मागच्या थंड भिंतीस चिकटून न ठेवतां मधल्या कप्प्यांत ठेवावें. एकदां गोठलेलें पेन पुन्हां पातळ झालें तरी टाकूनच द्यावें. कांहीं पेनें उघडल्यावर २५ अंशांपर्यंत तीन आठवडे बाहेर टिकतात असें त्यांवर लिहिलेलें असतें. आपल्या किनाऱ्यावर खोलींतील उष्मा त्याहून कमी असणारे दिवस किती, तें वाचकांनींच पाहावें.

खर्चाविषयीं ताईंनीं संकोचानें दोनच ओळी लिहिल्या आहेत. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ रोग धोरणांत सिद्ध झालेल्या हॉर्मोन-उणिवेच्या उपचाराचा समावेश आहे, आणि परळचें के. ई. एम. रुग्णालय हें त्यासाठीं नेमलेल्या केंद्रांपैकीं एक आहे. २०२२ पासून ह्या केंद्रांमार्फत रोग्यास पन्नास लक्ष रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. सरकारी कागद आपल्या चालीनें चालतो हें खरें, म्हणून अर्ज आजच करावा. परदेशांतून स्वतःच्या उपयोगासाठीं औषध मागविल्यास १ एप्रिल २०२३ पासून ह्या रोगांच्या औषधांवर जकात माफ आहे. त्यास लागणारा दाखला जिल्हा शल्यचिकित्सकही देऊं शकतात. पालघर २०१४ सालीं स्वतंत्र जिल्हा झाल्यामुळें त्यासाठीं आतां ठाण्यास खेटे घालावे लागत नाहींत.

हा मजकूर छापावयास देतांना ताईंचें दुसरें पत्र आलें. डॉक्टरांनीं दुसऱ्या कंपनीचें पेन लिहून दिलें. मध्यें सहा दिवसांचा खंड पडला. पूर्वींचा आंकडा युनिटचा होता, नवा मिलिग्रॅमचा आहे, आणि तो कोठपर्यंत फिरवावयाचा हें मुलीनेंच आजीस चष्मा लावावयास सांगून दाखविलें.