‘ब्रो’ची ऐट, ‘बे’ची लाज

अमरावतीचा राजकमल चौक असो की अकोल्याचा टॉवर चौक असो, महाविद्यालयीन तरुणांच्या घोळक्यापाशी क्षणभर थांबले तरी एक इंग्रजी शब्द कानावर वारंवार आदळतो. तो शब्द म्हणजे ‘ब्रो’. भेट झाली की ‘ब्रो’, निरोप घेताना ‘ब्रो’, उसने पैसे मागताना ‘ब्रो’ आणि ते परत करण्याची वेळ आली की काकुळतीला येऊनही ‘ब्रो’च! ज्येष्ठांना या शब्दाचा वीट येतो आणि मराठी बुडाल्याची ओरड सुरू होते. ही ओरड अनाठायी आहे. चिंता वाटावी अशी गोष्ट निराळी आहे. ती या शब्दाच्या येण्यात नसून त्याला मिळणाऱ्या मानात आहे.

मुळात हा शब्द आहे तरी काय? इंग्रजीतील ‘ब्रदर’चे हे लघुरूप. सतराव्या शतकात ते लिखाणातील एक संक्षेप म्हणून वापरले जाई. विसाव्या शतकात अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ती आपलेपणाची हाक झाली. तेथून हा शब्द विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत, गाण्यांत आणि चित्रपटांत शिरला व अखेर मोबाइलच्या पडद्यावरून वऱ्हाडात उतरला. या प्रवासात रक्ताच्या नात्याचा अर्थ गळून पडला. आज ‘ब्रो’ म्हणजे सख्खा भाऊ नव्हे आणि नुसता मित्रही नव्हे; ‘आपण दोघे बरोबरीचे’ एवढेच तो सांगतो. स्वराच्या चढउतारानुसार त्यातून विनवणी, आश्चर्य, कानउघाडणी किंवा दमही व्यक्त होतो. ‘ब्रदर’ आणि संस्कृतातील ‘भ्रातृ’ हे एकाच मुळाचे शब्द आहेत, आणि ‘भ्रातृ’पासूनच प्राकृताच्या वाटेने आपला ‘भाऊ’ आला. तेव्हा परका म्हणून ज्याला दारातून हाकलावयाचे, तो ‘भाऊ’चा दूरचा चुलतभाऊच निघतो!

बरोबरीच्या माणसाला साद घालणारा असा शब्द वऱ्हाडी बोलीत नव्हता काय? होता आणि आहे. ‘काऊन बे’ असे म्हणत खांद्यावर हात टाकणाऱ्या मित्राला त्या ‘बे’चा अर्थ कोणी शिकवावा लागत नाही. त्याचे नियमही ‘ब्रो’इतकेच काटेकोर आहेत. समवयस्क मित्राशी तो लाड आहे, वडीलधाऱ्यांशी तो उद्धटपणा आहे, आणि धन्याने सालदाराला उद्देशून उच्चारला तर तो अपमान आहे. जमलेल्या मंडळींना ‘राजेहो’ म्हणावे, अनोळखी माणसाला ‘भाऊ’ म्हणावे, हे तारतम्य वऱ्हाडातील निरक्षर माणसालाही असते. ‘भाऊ’ या शब्दाचे वजन तर या प्रांताला वेगळे सांगावयास नको. डॉ. पंजाबराव देशमुख (१८९८–१९६५) केंद्रात कृषिमंत्री झाले तरी विदर्भातील शेतकऱ्यांचे ते ‘भाऊसाहेब’च राहिले.

असे असता व्यवहारात काय दिसते? ‘ब्रो’ म्हणणारा मुलगा चलाख ठरतो आणि ‘काऊन बे’ म्हणणारा गावंढळ. दोन्ही शब्द अनौपचारिक, दोन्ही बोलीतले, दोन्ही सारखेच सभासंमेलनाला न शोभणारे. पण एकाची ऐट मिरवली जाते आणि दुसऱ्याची लाज बाळगली जाते. वर्गात ‘मले’ म्हणणारे पोर हशाचा विषय होते. चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांतही वऱ्हाडी बोली अनेकदा येते ती विनोदापुरतीच. परिणामी पुण्या-मुंबईला शिकावयास गेलेला वऱ्हाडी मुलगा पहिल्या महिन्यात जर काही लपवावयास शिकत असेल, तर ती आपली जीभ. इंग्रजी शब्द उचलल्याने भाषेचे फारसे नुकसान होत नाही; आपल्या आईच्या बोलण्याची लाज वाटू लागली की मात्र ते निश्चित होते.

ही लाज बाळगण्याचे कारण तरी कोणते? अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे मराठी गद्याचे उगमस्थान. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटाने गोविंदप्रभूंचे चरित्र सिद्ध केले, तेव्हा त्यांच्या तोंडचे रागाचे नि लाडाचे शिवीवजा उद्गारही त्याने सोवळे करून न घेता नोंदवून ठेवले. पूज्य पुरुषाची बोली त्याला ओशाळवाणी वाटली नाही. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ साली निघालेल्या सातव्या खंडात वऱ्हाडीची दखल घेतली गेली. गाडगेबाबांनी याच बोलीत कीर्तने करून लोकांना अंधश्रद्धा, कर्ज आणि दारू यांविरुद्ध जागे केले. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० साली आली, ती याच बोलीच्या बळावर मराठी कादंबरीत अढळ झाली.

अर्थात, परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत किंवा नोकरीच्या अर्जात ‘बे’ लिहावा असे कोणीही म्हणणार नाही. तेथे ‘ब्रो’ही चालत नाही. प्रमाण मराठी प्रत्येक मुलाला उत्तम आलीच पाहिजे. पण त्यासाठी घरची बोली पुसून टाकण्याची गरज नाही. कोणता शब्द कोठे, कोणापुढे आणि कोणत्या स्वरात, हे शिकविणे हेच भाषाशिक्षण होय. उलट बंदीचा मार्गही फोल आहे. भाषाशुद्धीच्या चळवळीने कचेऱ्यांना ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ हे शब्द दिले. तथापि दोन मित्रांनी कट्ट्यावर एकमेकांना काय म्हणावे, हे कोणत्याही चळवळीला ठरविता आलेले नाही.

इंग्रजीकडून घ्यावयाचे असेल तर ‘ब्रो’पेक्षा तिची शब्दसंग्रहाची वृत्ती घ्यावी. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाने २०१७ साली थोरल्या भावाला उद्देशून वापरला जाणारा आपल्याकडचा ‘अण्णा’ हा शब्दही सामावून घेतला. परक्या हाकेची नोंद घेण्यात त्या भाषेला कमीपणा वाटला नाही. मग आपल्याच हाकेची नोंद घेताना आपण का अडखळावे? मराठीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही आले. अभ्यासकांनी एकट्याने, पदरमोड करून वऱ्हाडी शब्द वेचले. आता ते काम या विद्यापीठाने आणि अमरावतीच्या संत गाडगे बाबा विद्यापीठाने संस्थेच्या बळावर पुढे न्यावे. कोणता शब्द कोण, कोणाला, कोणत्या प्रसंगी म्हणतो, याच्या ध्वनिमुद्रणासह नोंदी व्हाव्यात; कारण ‘बे’चा अर्थ कागदापेक्षा स्वरातच अधिक असतो.

‘ब्रो’ आला आहे, काही काळ राहील आणि इतर अनेक टूम म्हणून आलेल्या शब्दांप्रमाणे कदाचित जाईलही. त्याचा द्वेष नको, पाहुणचार करावा. मात्र पाहुण्याला ओसरीवर मानाने बसविताना घरच्या भावाला मागल्या दाराने बाहेर काढण्याचे कारण नाही.