आधी फावडे, मग दोर

पेडण्यात किंवा डिचोलीत पावसाळ्यात गाडी रुतली की माणसे गोळा व्हायला वेळ लागत नाही. छत्रीवाला थांबतो, स्कूटरवरून पाव विकणारा पोदेर थांबतो, शेतातला माणूस गुडघाभर चिखलासकट रस्त्यावर येतो. आणि येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारतो: दोर आहे? फावडे आहे का, असे कोणी विचारल्याचे मी तरी ऐकलेले नाही. मदतीला धावणाऱ्यांचा आमच्याकडे कधी तोटा नव्हता. फक्त कामाचा क्रम उलटा आहे, आणि या उलट्या क्रमापायी माणसाचा जीव जाऊ शकतो, एवढेच मला या आठवड्यात सांगायचे आहे.

आपल्याकडे गोव्यात जून ते सप्टेंबरात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, पण सगळा चिखल सारखा नसतो. मोपाच्या सड्यावर वरवर लाल राड दिसते, खाली मात्र जांभा कातळ असतो. तिथे चाक घसरते, रुतत नाही. याच जांभ्याखाली डोंगराच्या पोटात पांढरट-पिवळसर मऊ मातीचा थर असतो आणि पाणी मुरले की तो जागा सोडतो. कोकण रेल्वेच्या अभियंत्यांना पेडण्याच्या दीड किलोमीटरच्या बोगद्याने या मातीपायी वर्षानुवर्षे छळले. १९९८ च्या २६ जानेवारीला पूर्ण मार्ग खुला झाला, तरी मातीचा स्वभाव बदलला नाही. २०२४ च्या जुलैत त्याच बोगद्यात पाणी आणि चिखल घुसून गाड्या दुसऱ्या मार्गाने वळवाव्या लागल्या. रेल्वेला जिने थांबवले ती माती रुंदीकरणासाठी नव्याने कापलेल्या डोंगराच्या कडेला उघडी पडते, पावसात खाली येते आणि डांबराच्या काठावर साचून राहते. समोरून ट्रक आला म्हणून तुम्ही दोन चाके जरा बाहेर घेता, आणि गाडी तिरकी होते.

डिचोलीतला चिखल वेगळाच. शिरगाव, मुळगाव, अडवलपाल या भागांतल्या शेतकऱ्यांनी खाणींवरचा गाळ शेतात आल्याच्या तक्रारी किती वर्षे केल्या. २०१२ च्या सप्टेंबरात सरकारने आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या, पुढे त्या सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, पण आलेला गाळ कोणी परत नेला नाही. हा गाळ फार बारीक. दोन दिवस ऊन पडले की वरून सुकतो, भेगासुद्धा पडतात, आणि खाली तसाच लिबलिबीत असतो. माणूस त्यावरून चालत जातो म्हणून ड्रायव्हर गाडी घालतो. माणसाच्या पायाखाली साठ-सत्तर किलो असतात, गाडीच्या एकेका चाकाखाली तीनशे, हा हिशेब त्या वेळी कोणी करत नाही.

खाजनाबद्दल, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांबद्दल, तर बोलायलाच नको. तिथल्या गाळाला तळ सापडेपर्यंत गाडीचे दरवाजे उघडत नाहीत. बांधावरची वाट पायी माणसासाठी आणि फार तर स्कूटरसाठी असते, पण मोबाईलवरच्या नकाशाला बांध आणि रस्ता यांतला फरक कुठे कळतो? मोरजी-मांद्र्याच्या वाळूत भाड्याच्या गाड्या घालणारे पाहुणे हा वेगळा विषय. किनाऱ्यावर गाडी उतरवायला बंदी आहे, पोलीस गुन्हाही नोंदवतात, आणि भरती काही गाडी निघेपर्यंत थांबत नाही. त्यांच्यासाठी मी शाई वाया घालवणार नाही.

आता रुतलेली गाडी. पहिल्या मिनिटात जे होते त्यावर पुढचा तास ठरतो. बाहेरून हमखास आवाज येतो, "रेस दी, पात्रांव!" आणि पात्रांव रेस देतात. आपल्या बहुतेक गाड्यांना पुढच्या चाकांची ओढ असते, आणि डिफरन्शियलचा स्वभाव असा की ज्या चाकाला पकड नाही तेच गरगरते, पकड असलेले चाक नुसते बघत बसते. गरगरणारे चाक माती उडवत स्वतःसाठी खड्डा खणते, खड्ड्याच्या भिंती घोटून गुळगुळीत करते, आणि थोड्या वेळाने गाडीचे पोट जमिनीला टेकते. पोट टेकले की खेळ बदलतो. चाकांवरचा भार निम्मा झालेला असतो आणि खालचा चिखल गाडी धरून ठेवतो. क्लचचा जळका वास येतो तो याच वेळी. म्हणून चाक एकदा फिरले आणि गाडी हलली नाही की इंजिन बंद करायचे, माणसे उतरवायची आणि पावसात भिजायची तयारी ठेवून खाली बघायचे. सायलेन्सरचे तोंड चिखलात बुडाले असेल तर काचा लावून, एसी चालू ठेवून मुलांना आत बसवायचे नाही. त्या धुरातला विषारी वायू आतच साठतो, आणि त्याला वास नसतो.

मग फावडे. चारही चाकांच्या पुढचा (मागे घ्यायची असेल तर मागचा) चिखल काढून उतार करायचा, म्हणजे चाकाला भिंत चढावी लागत नाही. पोटाखालचा चिखल लांब काठीने, कुदळीने, जमेल तसा ओढून काढायचा. खाली हवा शिरली की अर्धे काम झाले. गाडी कुठल्या दिशेने काढायची? नव्वद टक्के वेळा जिथून आली तिथूनच. ती वाट तिने स्वतः दाबून ठेवलेली असते. पुढे काय आहे ते कोणालाच ठाऊक नसते, पण पुढे जायचा मोह मात्र सगळ्यांना होतो.

चाकाखाली घालायला आपल्याकडे सगळ्यात उत्तम म्हणजे नारळाची सोडणे. खरबरीत, दाबली तरी न फुटणारी, एकमेकांत अडकून बसणारी. चुडते चालतात, पण ओली असली तर घसरतात. चिऱ्याचे तुकडे मोठे असले तर चाक ते मागे भिरकावते, म्हणून फिरणाऱ्या चाकाच्या रेषेत कोणी उभे राहायचे नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. जुलै महिन्यात ज्या घराच्या मांगरातून तुम्ही सुकी सोडणे मागता, ते त्या बाईचे पुरुमेताचे, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेले, जळण असते. चिखलात गेलेले सोडण पुन्हा चुलीत जात नाही. मागताना ते दिसू द्या, आणि दुसऱ्या दिवशी पोतेभर परत नेऊन द्या.

टायरमधली हवा कमी करणे हा उपाय आपल्याकडे फारसा कोणाला पटत नाही. तेहतीसवरून अठरा-वीसवर आणली तर टायर जमिनीवर लांब पसरतो, भार वाटला जातो, पकड वाढते. काडीने व्हॉल्व्ह दाबायचा, एवढेच काम. बाहेर आल्यावर पंपापर्यंत अगदी सावकाश जायचे आणि जोरात वळायचे नाही, नाहीतर टायर रिमवरून सुटतो. जॅक लावायची वेळ आली तर खाली रुंद फळी हवी, आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली चिखलात हात किंवा डोके घालायचे नाही. तिथे जॅक बुडतो, तो आधी सांगून बुडत नाही.

एवढे करून बहुतेक गाड्या दुसऱ्या गिअरात, हलक्या रेसवर, चार माणसांच्या धक्क्याने निघतात. नाही निघाली तर दोर. तोही आता, आधी नाही.

दोराविषयी लोकांचा एक समज फार पक्का आहे: तुटला तर तुटला, पडेल खाली. जरा आकडेमोड करू. नायलॉनचा दोर ताणला की वीस-तीस टक्के लांबतो. नऊ मीटरचा दोर दोन टनांच्या ओढीला दोन मीटर ताणला गेला, तर त्यात साधारण वीस हजार ज्यूल ऊर्जा साठते. एक टनाची मोटार ताशी बावीस-तेवीस किलोमीटर वेगाने धावताना तिच्यात असते तेवढी. आता त्या दोराच्या टोकाला किलोभर वजनाचा लोखंडी आकडा आहे आणि बांधलेली जागा उखडली. साठलेल्या ऊर्जेचा दहावा हिस्सा जरी त्या आकड्याला मिळाला, तरी तो ताशी दोनशे किलोमीटरच्या वर वेगाने निघतो. कोणत्या दिशेला? दोराच्या रेषेत, म्हणजे एक तर काचेतून ड्रायव्हरकडे, नाहीतर ट्रॅक्टरवर बसलेल्याच्या पाठीत. वायर रोप कमी लांबतो म्हणून तो सुरक्षित, हेही खरे नाही. तुटलेली वायर चाबकासारखी कापत जाते.

बहुतेक वेळा दोर तुटत नाही, बांधलेली जागा तुटते. आमची आवडती जागा म्हणजे बंपरच्या पुढे शोभेला लावलेला लोखंडी गार्ड. तो बेकायदा आहे, केंद्राने २०१७ सालीच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितले होते, पण तो मुद्दा बाजूला ठेवू. तो चार बोल्टांवर उभा असतो, ओढायसाठी नाहीच. सस्पेन्शनला दोर बांधला तर गाडी बाहेर येते आणि चाक वाकडे होऊन येते. बंपरवर एक लहान चौकोनी झाकण असते, त्याच्या आत आटे असतात, आणि त्यात फिरवायचा कडीचा बोल्ट स्टेपनीजवळच्या हत्यारांत पडलेला असतो. काही गाड्यांत ते आटे उलटे असतात. बोल्ट शेवटपर्यंत फिरवा, अर्धवट नको. आणि ही कडी सपाट रस्त्यावर गाडी ओढून न्यायला दिलेली आहे, झटके खायला नाही, हेही ध्यानात असू द्या. म्हणूनच फावडे आधी.

दोर होडीवरचा जुना असेल तर त्याला नमस्कार करून परत पाठवा. ऊन आणि खारे पाणी खाऊन तो वरून धड दिसतो, आतून कुजलेला असतो. गाठ मारली की दोराची ताकद तिसऱ्या हिश्शाने किंवा त्याहूनही जास्त घटते. ओढताना झटका नको. हरमलच्या किनाऱ्यावर रापणीचा दोर ओढताना पाहा, सगळे मिळून पावलापावलाने मागे सरतात, हिसका कोणी देत नाही. ढिला दोर आधी हळूच ताणून घ्यायचा, त्याच्या मधोमध जड ओले पोते किंवा कांबळे टाकायचे, म्हणजे सुटलाच तर जमिनीवर बसतो. आणि बघे? दोराच्या लांबीच्या दीडपट दूर, बाजूला. मोबाईलवर चित्रीकरण करणारा नेमका दोराच्या रेषेत उभा असतो, कारण तिथून चित्र चांगले येते.

ट्रॅक्टर आणला तर दोर ड्रॉबारलाच, मागच्या आसाच्या खाली. सीटच्या मागे उंचावर बांधला आणि गाडी हलली नाही, तर मागची चाके पुढे जात नाहीत, मग ट्रॅक्टर स्वतःच त्यांच्याभोवती फिरतो. पुढची चाके वर उठतात आणि दीड-दोन सेकंदांत तो चालवणाऱ्याच्या अंगावर येतो. उडी मारायलाही तेवढा वेळ पुरत नाही. त्यामुळे दोर कोणी बांधला, कुठे बांधला, हे ट्रॅक्टरवाल्याने स्वतः उतरून पाहिले नाही तर मी ओढायला लावणार नाही. जेसीबीच्या बकेटने गाडी उचलण्याविषयी एवढेच म्हणतो की पत्रा स्वस्त नाही. पेडणे आणि डिचोली, दोन्हीकडे अग्निशमन केंद्रे आहेत. गाडी कलंडायच्या बेतात असेल, ओहोळाच्या काठावर असेल किंवा पाणी चढत असेल, तर हौशी लोकांनी तिथे हात लावू नये, त्यांना बोलवावे.

पैशांचे बोलणे दोर बांधण्याआधी करा. नंतर ते करायला दोन्ही बाजूंना जड जाते. आणि शेतातून गाडी काढली असेल तर तिने पाडलेल्या चाकोऱ्यांतून वायंगणाला, म्हणजे रब्बीच्या भाताच्या वेळी, पाणी कुठल्या कुठे वाहून जाणार असते. फावडे हातात आहे तोवर फुटलेला बांध बुजवून द्या. शेतकरी "राहू दे" म्हणेल, तरी बुजवा.

घरी आल्यावर गाडी धुताना बाहेरून चकचकीत करून थांबू नका. रिमच्या आतल्या बाजूला किलो-किलोने चिखल चिकटून सुकलेला असतो. दुसऱ्या दिवशी साठच्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागते, माणूस घाबरून गॅरेज गाठतो आणि व्हील बॅलन्सिंगचे पैसे मोजून येतो. पाण्याचा पाइप आतून धरला असता तरी भागले असते. ब्रेकही दोन-चार वेळा हलके दाबून सुकवून घ्या, मगच घाटाला लागा.