तलवारवाला माणूस

परवा भाचा माझ्या मागे उभा राहून स्क्रीनकडे बघत होता. एका जपानी माणसाचं चित्र उघडलेलं. डोक्यावर काळी टोपी, अंगात फिक्या निळ्या रंगाचा ढगळ पोशाख, कमरेला आखूड तलवार. "मावशी, यानं कितीजणांना मारलं?"

म्हटलं, "अरे, हा कारभारी होता." झालं, साहेबांचा रस संपला.

म्हणून हे लिहितेय. हे ताकामी सेन्सेकी, कोगा संस्थानचे कारभारी. वातानाबे काझान यांनी १८३७ मध्ये रेशमावर शाई आणि रंगांनी त्यांना रंगवलं. आज चित्र टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सेन्सेकींना डच विद्येचं भारी वेड. स्वतःला चक्क एक डच नावही घेतलेलं! सामुराई म्हटलं की आपल्याला सिनेमातली कापाकापीच आठवते, पण तोवर जपानात दोनशे वर्षं मोठं युद्ध नव्हतं. तलवार म्हणजे दर्जाची खूण, दरबारी पोशाखाचा भाग. माझं स्पष्ट मत आहे की या चित्रात ती सगळ्यात शेवटी बघावी.

आधी चेहरा बघा. नाकाशेजारची, पापण्यांखालची सावली युरोपीय पद्धतीची, इतकी हलकी की कातडी खरी वाटते. आणि खाली कपड्यांच्या रेषा मात्र अस्सल जपानी कुंचल्याच्या, झपाझप ओढलेल्या. एकाच माणसात दोन जगं, आणि कुठे सांधा दिसत नाही.

बाकी, भाच्याचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता हं. त्याच १८३७ मध्ये दुष्काळाने गांजलेल्या ओसाकात ओशिओ हेइहाचिरो यांनी बंड केलं, आणि ते मोडून काढण्यात सेन्सेकींचा हात होता. एवढ्या शांत चेहऱ्याचा माणूस!

काझान स्वतःही सामुराईच, ताहारा संस्थानचे. घरात गरिबी, म्हणून चित्रं विकायचे. परदेशी जहाजांबाबतच्या सरकारी धोरणावर टीका लिहिली म्हणून १८३९ मध्ये पकडले गेले, मग ताहाऱ्यात नजरकैद. तिथेही घर चालावं म्हणून चित्रं विकली गेली. त्याचा बोभाटा होऊन आपल्या धन्यावर बालंट येईल या भीतीने १८४१ मध्ये त्यांनी पोट फाडून जीव दिला. सेन्सेकी त्यानंतर सतरा वर्षं जगले.

ताई, पुढच्या वेळी त्याला घेऊन आलीस की हे सांगायचंय त्याला. आठवण कर.